सामना सगळ्यांचा, बातमी कुणाची?

सिडनी शहरात १९३०च्या दशकात व्हिक्टोरिया पार्क नावाचे घोड्यांच्या शर्यतींचे मैदान होते. भोवती कुंपण आणि आत जायला तिकीट. कोणता घोडा ऐन वेळी गाळला, कोण कितव्या क्रमांकावर आला, हे आतल्या फलकांवर लावले जाई. मैदानाच्या शेजारी टेलर नावाच्या गृहस्थाची जागा होती. तिथे एक उंच मचाण उभारले गेले आणि त्यावर चढून सिरिल एंजल्स हा निवेदक रेडिओवरून शर्यतीचे वर्णन करू लागला. कुंपणापलीकडचे फलक त्याला वरून स्वच्छ दिसत. लोक घरी बसून शर्यत ऐकू लागले. तिकीटविक्री घटली म्हणून मैदानाचे मालक कोर्टात गेले. ऑस्ट्रेलियाच्या हायकोर्टाने, म्हणजे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने, १९३७ मध्ये तीन विरुद्ध दोन मतांनी त्यांचा दावा फेटाळला. जे दिसते ते पाहायला आणि पाहिलेले सांगायला कुणालाही मोकळीक आहे. ते नको असेल तर कुंपण आणखी उंच करा, असा सरन्यायाधीश लॅथम यांच्या निकालाचा आशय होता.

पुढच्याच वर्षी अमेरिकेतल्या पिट्सबर्गमध्ये नेमके उलटे घडले. तिथल्या फोर्ब्स फील्ड या बेसबॉलच्या मैदानाबाहेर केक्यूव्ही या रेडिओ केंद्राने आतला खेळ दिसेल अशी जागा भाड्याने घेतली, तिथे आपली माणसे बसवली आणि सामन्याची हकिगत प्रसारित केली. प्रसारणाचे हक्क पिट्सबर्ग पायरेट्स या संघाने पैसे घेऊन दुसऱ्यांना दिले होते. न्यायालयाने केक्यूव्हीला मनाई केली. संघाने खेळाडू जमवले, मैदान उभारले, सामना भरवला, तेव्हा त्याच्या ताज्या बातमीवर काही काळ तरी त्याचाच हक्क आहे, असे न्यायालयाला वाटले.

एकाच प्रश्नाची दोन उत्तरे वर्षभराच्या अंतराने, दोन देशांत मिळाली. आज हे मचाण प्रत्येक क्रीडारसिकाच्या खिशात आहे. त्यावरून तो धावफलक सांगतो, निकाल सांगतो आणि बऱ्याचदा वर्तमानपत्रातला अख्खा लेख उचलून आपल्या मित्रमंडळींपुढे ठेवतो. पहिल्या दोन गोष्टी आणि तिसरी गोष्ट यांत मोठा फरक आहे. तो फरक नीट न कळल्यामुळे एका बाजूने चाहते बेफिकीर राहतात आणि दुसऱ्या बाजूने वृत्तपत्रांचे मालक नको तिथे दंडुका उगारतात.

बातमी चोरण्याचा इतिहास बातमीइतकाच जुना आहे. १८९८ च्या स्पेन-अमेरिका युद्धात न्यूयॉर्कमध्ये हर्स्ट यांचे 'जर्नल' आणि पुलित्झर यांचे 'वर्ल्ड' यांच्यात जीवघेणी स्पर्धा होती. 'वर्ल्ड' आपल्या बातम्या उचलतो, असा 'जर्नल'ला संशय होता. त्यांनी एका ऑस्ट्रियन तोफखाना अधिकाऱ्याच्या मृत्यूची बातमी छापली. त्याचे नाव होते रेफ्लिप डब्ल्यू. थेनुझ. असा माणूसच नव्हता. 'वर्ल्ड'ने ती बातमी आपलीच म्हणून छापली आणि 'जर्नल'ने जाहीर केले की, नावाची अक्षरे उलटसुलट लावून वाचा, 'आम्ही बातम्या चोरतो' असे इंग्रजी वाक्य निघते. 'वर्ल्ड'ची न्यूयॉर्कभर नाचक्की झाली.

वीस वर्षांनी याच हर्स्ट यांची वृत्तसंस्था आरोपीच्या पिंजऱ्यात होती. पहिल्या महायुद्धात १९१६ मध्ये ब्रिटनने हर्स्ट यांच्या 'इंटरनॅशनल न्यूज सर्व्हिस'ला आपल्या तारायंत्रणेचा वापर बंद केला. युद्धाच्या बातम्या मिळायचा मार्गच खुंटला. मग या संस्थेने प्रतिस्पर्धी 'असोसिएटेड प्रेस'च्या बातम्या पूर्व किनाऱ्यावरच्या वृत्तपत्रांच्या पहिल्या आवृत्त्यांतून आणि कचेऱ्यांबाहेरच्या फलकांवरून उचलून पश्चिमेकडे तारेने पाठवायला सुरुवात केली. न्यूयॉर्क आणि सॅन फ्रान्सिस्को यांच्या घड्याळांत तीन तासांचे अंतर असल्यामुळे उचललेली बातमीही तिकडे ताजीच ठरे. डिसेंबर १९१८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 'असोसिएटेड प्रेस'च्या बाजूने निकाल दिला.

या निकालपत्रातल्या तीन न्यायमूर्तींचे म्हणणे मला आजही मोलाचे वाटते. बहुमताचा निकाल लिहिणाऱ्या पिटनी यांनी सांगितले की, घडलेली घटना कुणाच्या मालकीची नाही. पण ती गोळा करायला ज्याने पैसा आणि श्रम ओतले त्याच्या धंद्यातल्या प्रतिस्पर्ध्याने ती आयती उचलून विकू नये. वृत्तपत्र विकत घेणाऱ्या सामान्य वाचकाचे काय, हेही त्यांनी सांगितले. त्यातला मजकूर त्याने इतरांना फुकट सांगितला तर हरकत नाही; मात्र ज्याने ती बातमी कमावली त्याच्या विक्रीच्या आड येईल असे काही करू नये. होम्स यांनी वेगळे मत नोंदवले: बातमी वापरायची तर निदान ती कुणाकडून आली ते सांगा, न सांगता वापरली तर लोकांची दिशाभूल होते. आणि ब्रँडाइस यांनी विरोधी मत देत बजावले की, एकदा लोकांपुढे आलेली माहिती हवेसारखी सर्वांना मोकळी असली पाहिजे, तिच्याभोवती न्यायालयांनी भिंती घालू नयेत. चाहत्यांच्या गटांत लेख चिकटवण्याविषयी आज जो वाद होतो, त्याचे सगळे पदर या तीन मतांत आलेले आहेत.

खेळाच्या बाबतीत ब्रँडाइस यांचा विचार पुढे बराचसा टिकला. १९९६ मध्ये मोटोरोलाने 'स्पोर्ट्सट्रॅक्स' नावाचे पेजर बाजारात आणले. 'स्टॅट्स' या कंपनीची माणसे बास्केटबॉलचे सामने टीव्हीवर पाहत, रेडिओवर ऐकत आणि बदलता गुणफलक टाइप करीत. दोन-तीन मिनिटांत तो पेजरवर दिसे. हे सामने भरवणाऱ्या 'एनबीए' या संघटनेने दावा लावला. जानेवारी १९९७ मध्ये अपील न्यायालयाने सांगितले की, गुण ही वस्तुस्थिती आहे, तिच्यावर संघटनेची मालकी नाही. शिवाय 'स्टॅट्स'ने ती कुणाची उचललेली नसून स्वतःच्या माणसांकडून, स्वतःच्या खर्चाने जमवलेली आहे. भारतातही हाच वाद क्रिकेटवरून झाला. मोबाइलवर चेंडूगणिक धावसंख्या पाठवणाऱ्या कंपन्यांविरुद्ध 'स्टार इंडिया' ही प्रसारण कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली. आधी कंपन्यांवर पंधरा मिनिटे थांबण्याचे बंधन आले. पण ऑगस्ट २०१३ मध्ये खंडपीठाने ते उठवले. सामन्यात काय घडले ही माहिती कुणाची खासगी मिळकत होऊ शकत नाही, अशी त्या निकालाची दिशा होती. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयातही गेले.

या दिशेला क्रिकेटच्या चाहत्यांचा मोठा आधार आहे. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या विद्यापीठांत शिकणाऱ्या भारतीय, पाकिस्तानी, श्रीलंकन मुलांना क्रिकेटची बातमी मिळणे दुरापास्त होते. तिथली वर्तमानपत्रे एका ओळीनेही दखल घेत नसत. मग कुणीतरी रेडिओ कानाला लावून बसे आणि इंटरनेटवरच्या गप्पांच्या खोलीत चेंडूगणिक टाइप करी; 'रेक डॉट स्पोर्ट डॉट क्रिकेट' या चर्चागटात धावफलक हाताने मांडले जात. त्यातूनच मार्च १९९३ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात संशोधन करणाऱ्या सायमन किंग यांनी 'क्रिकइन्फो' सुरू केले. ही मंडळी चोर नव्हती. स्वतः ऐकलेले, स्वतः टिपलेले ती इतरांना देत होती. पहाटे तीनला उठून, पगार न घेता, दूरदेशी असलेल्या अनोळखी माणसासाठी कुणी धावफलक टाइप करतो, यात खेळाच्या प्रेमाचा फार निर्मळ प्रकार आहे. आजच्या चाहत्यांना आपण त्याच परंपरेतले आहोत असे वाटते. अख्खा लेख चिकटवताना मात्र त्या परंपरेतली मुख्य गोष्ट सुटते: स्वतःचे कष्ट.

कारण लेख म्हणजे निकाल नव्हे. ही गोष्ट मोठ्या सामन्यापेक्षा लहान सामन्यात नीट दिसते. प्रभादेवी किंवा लालबागच्या एखाद्या मैदानात राज्यस्तरीय कबड्डी स्पर्धा चालू आहे असे समजा. उपांत्य सामना लांबला आहे, क्रीडा पान तासाभरात छपाईला जायचे आहे. वार्ताहर गुणलेखकाच्या टेबलाशेजारी वही घेऊन उभा असतो. मध्यंतराला १४-९ अशी आघाडी कुणाकडे होती, लोण कितव्या मिनिटाला चढला, अखेरच्या चढाईत बोनस मिळाला की पंचांनी नाकारला, हे त्याला टिपायचे असते. संघात एकाच आडनावाचे दोघे असतात. अव्वल पकड कुणी केली याची खात्री करायला तो सामना संपल्यावर प्रशिक्षकाला गाठतो. तिथेच त्याला कळते की, हरलेल्या संघाचा मुख्य चढाईपटू गुडघ्याला पट्टी बांधून खेळत होता, म्हणून दुसऱ्या डावात त्याला मागे ठेवले. ही एक ओळ निकालात नाही, गुणपत्रिकेत नाही, कॅमेऱ्यात नाही. कारण बहुधा तिथे कॅमेराच नसतो. सकाळी ती छापून येते तेव्हा वर त्याचे नावही नसते, 'क्रीडा प्रतिनिधी' एवढेच असते.

आंतरराष्ट्रीय क्रिकेट सामन्यावर शेकडो माणसे लिहितात. त्यातल्या एकाचा लेख उचलला तर खेळाची माहिती नाहीशी होत नाही. कबड्डी, खो-खो, कुस्ती, शालेय ॲथलेटिक्स यांच्याजवळ असा एकच वार्ताहर असतो. मराठीत वि. वि. करमरकर यांनी 'महाराष्ट्र टाइम्स'मध्ये खेळाला पूर्ण पान मिळवून दिले आणि त्या पानावर देशी खेळांना मानाची जागा दिली. त्यासाठी कुणीतरी मैदानावर जायला हवे होते आणि जाणाऱ्याला पगार द्यायला हवा होता. उद्या तो वार्ताहर उरला नाही, तर सामना होईल, जिंकणारे जिंकतील आणि गावाबाहेर कुणाला पत्ता लागणार नाही. म्हणूनच मला हा प्रश्न कायद्यापेक्षा खेळाच्या भवितव्याचा वाटतो.

कायद्याने ही रेघ कुठे ओढली आहे, तेही पाहू. बर्न करार हा लेखनहक्काचा जुना आंतरराष्ट्रीय करार. भारत त्यात आहे. दिवसाच्या निव्वळ बातमीला, नुसत्या घटनेच्या माहितीला संरक्षण नाही, असे तो स्पष्ट म्हणतो. 'मुंबईने सामना जिंकला' हे वाक्य कुणाचे नाही. तो सामना कसा जिंकला हे एखाद्याने ज्या शब्दांत, ज्या क्रमाने, जे निवडून मांडले, ते त्याचे आहे. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम ५२ खाली सवलती दिल्या आहेत: खासगी वापर, अभ्यास, टीका, समीक्षण, चालू घडामोडींचे वृत्त देणे यांसाठी योग्य प्रमाणात मजकूर घेता येतो. याच कलमात आणखी एक सवलत आहे. आर्थिक, राजकीय, सामाजिक किंवा धार्मिक विषयांवरचा चालू घडामोडींचा लेख, लेखकाने हक्क स्पष्टपणे राखून ठेवले नसतील तर, दुसऱ्या वृत्तपत्राला किंवा नियतकालिकाला पुन्हा छापता येतो. या चार विषयांत खेळ नाही. लोकशाहीत ज्यावर तातडीने सार्वजनिक चर्चा व्हावी असे विषय कायदा करणाऱ्यांनी निवडले असावेत. रणजी सामन्याचे वर्णन त्यात त्यांनी धरले नाही.

कलम १७ मधली एक तरतूदही फारशी कुणाला ठाऊक नसते. वृत्तपत्राच्या नोकरीत लिहिलेल्या लेखाचा हक्क, वेगळा करार नसेल तर, नियतकालिकात छापण्यापुरता मालकाचा असतो. बाकी सर्व बाबतींत तो लेखकाचाच राहतो. म्हणजे दौऱ्यावरून पाठवलेल्या वार्तापत्रांचे उद्या पुस्तक करायचे झाले, तर तो हक्क लिहिणाऱ्याचा. अख्खा लेख उचलणारा 'एवढ्या मोठ्या वृत्तपत्राचे काय बिघडते' असे म्हणतो, तेव्हा तो ज्याच्या खिशात हात घालत असतो तो माणूस त्याला दिसतच नाही.

अमेरिकेत या प्रश्नावर दोन गाजलेली प्रकरणे झाली. पहिले राजकीय चर्चेचे होते. 'लॉस एंजलिस टाइम्स' आणि 'वॉशिंग्टन पोस्ट' यांचे संपूर्ण लेख 'फ्री रिपब्लिक' या संकेतस्थळावर वाचक चिकटवत आणि खाली आपली मते लिहीत. टीका करण्यासाठीच आम्ही ते घेतो, असा त्यांचा बचाव होता. २००० मध्ये न्यायालयाने तो मानला नाही. टीकेसाठी जेवढे लागते त्याहून फार जास्त घेतले आहे आणि मूळ पानाचा दुवा देऊनही काम भागले असते, असे न्यायालयाचे म्हणणे होते. मला हा निकाल योग्य वाटतो. लेखातल्या तीन वाक्यांवर वाद घालायला तीस वाक्ये लागत नाहीत.

दुसरे प्रकरण खेळाच्या गोतावळ्यातलेच आहे आणि त्यात दोष मालकांच्या बाजूचा जास्त होता. २०१० मध्ये लास व्हेगासमध्ये 'राइटहेवन' नावाची कंपनी निघाली. 'लास व्हेगास रिव्ह्यू-जर्नल'चे लेख कुणी कुठे चिकटवले आहेत ते शोधायचे, त्या लेखाचा हक्क आपल्या नावावर करून घ्यायचा आणि लगेच दावा ठोकायचा, हा तिचा धंदा. आधी 'काढून टाका' अशी साधी सूचनाही नाही. दीड लाख डॉलरपर्यंत भरपाई आणि वर संकेतस्थळाचे नावही आमच्या हवाली करा, अशी मागणी. दोनशेहून अधिक दावे तिने लावले. बहुतेक प्रतिवादी किरकोळ ब्लॉग लिहिणारे आणि छंद म्हणून संकेतस्थळे चालवणारे होते; वकिलाचा खर्च परवडत नाही म्हणून अनेकांनी काही हजार डॉलर देऊन सुटका करून घेतली.

त्यातला एक दावा खेळांवरच्या पैजांची चर्चा करणाऱ्या संकेतस्थळावरच्या एका सदस्यावर होता. त्याने सरकारी नोकरांच्या निवृत्तिवेतनावरचा एक अग्रलेखवजा मजकूर चर्चेसाठी जसाच्या तसा तिथे टाकला होता. त्याने त्यातून छदामही कमावला नव्हता. जून २०११ मध्ये न्यायाधीश फिलिप प्रो यांनी दावा फेटाळला. लेखाचा हक्क 'राइटहेवन'कडे खऱ्या अर्थाने आलेलाच नाही, हक्काची सर्व सूत्रे वृत्तपत्राच्या मालकाने स्वतःकडेच ठेवली आहेत, हे पहिले कारण. शिवाय या सदस्याने केलेला वापरही वाजवी आहे, असे त्यांनी सांगितले. चाहत्यांमध्ये हा निकाल 'अख्खा लेख चिकटवायला परवानगी' म्हणून पसरला आणि अजूनही कुणी कुणी तसे सांगतो. ते खरे नाही. मे २०१३ मध्ये अपील न्यायालयाने पहिले कारण कायम ठेवले आणि वाजवी वापराचा भाग रद्द केला: दावा करणाऱ्याला हक्कच नव्हता, तर पुढच्या प्रश्नात शिरायची गरज नव्हती. दरम्यान प्रतिवादीच्या वकिलांचे ३४ हजार डॉलर 'राइटहेवन'वर बसले, तिची मालमत्ता विकायची वेळ आली आणि २०१२ च्या सुरुवातीला तिच्या संकेतस्थळाचे नाव लिलावात ३,३०० डॉलरना गेले.

'राइटहेवन'ने वृत्तपत्रांचे जे नुकसान केले ते चिकटवणाऱ्यांनीही केले नव्हते. लेखन जपण्याचे रास्त म्हणणे तिने खंडणीच्या पातळीवर आणले. एका चर्चास्थळावर तर पन्नास वाक्यांच्या बातमीतली पाच वाक्ये आणि मूळ पानाचा दुवा दिला म्हणून तिने दावा लावला होता. वास्तविक चाहत्याने वागावे कसे, याचा तो नमुनाच होता.

आपल्याकडे हा प्रश्न घरोघरी पोहोचला तो २०२० मध्ये. टाळेबंदीत वर्तमानपत्रे टाकणारी मुले थांबली. एप्रिलमध्ये राज्य सरकारने घरोघरी वृत्तपत्र टाकायला मनाई केली आणि नंतर ती काही भागांपुरती ठेवली. लोकांना सकाळचा पेपर हवाच होता. मग ई-पेपरच्या पीडीएफ व्हॉट्सॲपवर आणि टेलिग्रामवर फिरू लागल्या. 'दैनिक जागरण'ची प्रकाशनसंस्था दिल्ली उच्च न्यायालयात गेली आणि मे महिन्यात न्यायालयाने टेलिग्रामला तिचा ई-पेपर फिरवणारी चॅनेल बंद करण्याचा आदेश दिला. त्या दिवसांत ज्यांनी आपल्या म्हाताऱ्या वडिलांना पीडीएफ पाठवली त्यांना मी दोष देणार नाही. पण टाळेबंदी उठली, पेपरवाला परत आला आणि सवय मात्र उठली नाही. पैसे भरून ई-पेपर घेणारा एक आणि रोज सकाळी तो फुकट मिळवणारे अनेक, ही रीत अनेक गटांत तशीच राहिली.

याच्या बाजूने जे बोलले जाते त्यात एक मुद्दा वजनदार आहे. वर्तमानपत्र पूर्वीपासून वाटूनच वाचले जाते. वाचनालयात एक प्रत पन्नास जण वाचतात; केशकर्तनालयात, चहाच्या टपरीवर, लोकलच्या डब्यात पेपर हातोहात फिरतो. कुणी त्याला चोरी म्हटले नाही. मग फोनवर तेच केले तर का म्हणावे? उत्तर वर्तमानपत्राच्या अर्थकारणात आहे. टपरीवरची ती प्रत कुणीतरी विकत घेतलेली असते, ती एका वेळी एकाच्याच हातात असते आणि तिच्यावरच्या जाहिराती प्रत्येक वाचणाऱ्याच्या नजरेखालून जातात. भारतात वाचकांची पाहणी केली गेली ती म्हणूनच: किती प्रती छापल्या यासोबत किती डोळ्यांनी वाचल्या, हेही जाहिरातदाराला हवे असते. म्हणजे वाटून वाचलेल्या पेपरचाही पैसा, थोडा का होईना, वार्ताहरापर्यंत पोहोचतो. चिकटवलेल्या मजकुरात जाहिरात नसते, मोजदाद नसते आणि तो मजकूर हजार जणांकडे एकाच वेळी, कायमचा असतो. कुठे मागणी किती आहे हेही संपादकाला कळत नाही. कबड्डीच्या ज्या वार्तेवर गटांत शंभर जण भांडले, तिच्या मूळ पानावर वीसच जण आलेले दिसतात आणि पुढच्या महिन्यात त्या स्पर्धेला वार्ताहर पाठवायचा की नाही, हे त्या वीसवरून ठरते.

परवडत नाही, हाही खरा मुद्दा आहे. इंग्रजीत 'द ॲथलेटिक'सारखी नुसत्या खेळावर चालणारी प्रकाशने २०१६ पासून वर्गणीवर उभी राहिली. २०२२ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने 'द ॲथलेटिक' ५५ कोटी डॉलरना विकत घेतले आणि पुढच्या वर्षी आपला स्वतःचा क्रीडा विभाग बंद केला. चांगले क्रीडालेखन हळूहळू पैशाच्या कुलपाआड चालले आहे आणि तालुक्याच्या गावातल्या खेळवेड्या विद्यार्थ्याला ते कुलूप उघडता येत नाही. त्याची भूक रास्त आहे. त्यासाठी सार्वजनिक वाचनालयांनी ऑनलाइन वर्गण्या घ्याव्यात, वृत्तपत्रांनी विद्यार्थ्यांना नाममात्र दर ठेवावेत, महिन्याला काही लेख खुले ठेवावेत. लेख चिकटवणाऱ्या चाहत्याने या विद्यार्थ्याचे नाव पुढे करू नये, कारण बहुतेक गटांत चिकटवणारा आणि वाचणारे दोघेही वर्गणी भरू शकणारेच असतात.

आणखी एक नुकसान पैशाचे नाही, सत्याचे आहे. दुखापतीची, संघनिवडीची, खेळाडूंच्या वादाची बातमी पहिल्या तासात अनेकदा अर्धवट असते. वृत्तपत्र आपल्या पानावर ती सुधारते, खाली खुलासा देते. उचललेली प्रत मात्र पहिल्या चुकीसकट फिरत राहते. फिरता फिरता तिच्यावरचे लेखकाचे नाव गळते, मग तारीख गळते, मग कुणीतरी मधला परिच्छेद कापतो आणि शेवटी एखाद्या खेळाडूच्या तोंडी त्याने न बोललेले वाक्य चिकटते. हे मी इतक्या गटांत पाहिले आहे की, नाव-तारीख नसलेला मजकूर पुढे पाठवायला माझा हात धजत नाही.

मग करायचे काय? लेखातले जे आवडले किंवा पटले नाही ते आपल्या शब्दांत सांगावे. ज्या ओळींवर बोलायचे आहे त्या अवतरणात द्याव्यात, लिहिणाऱ्याचे नाव, वृत्तपत्र आणि तारीख लिहावी, दुवा द्यावा. युरोपीय संघाने २०१९ मध्ये वृत्तप्रकाशकांना नवे हक्क दिले तेव्हाही व्यक्तींचा खासगी, बिनव्यापारी वापर, दुवे देणे आणि अगदी छोटे उतारे यांना मोकळे ठेवले. इंग्रजी लेखाचा मराठीत संपूर्ण अनुवाद करून टाकणे हा त्याला पर्याय नव्हे, कारण अनुवादाचा हक्कही मूळ लेखकाचाच असतो. त्यातला मुद्दा मराठीत समजावून सांगायला मात्र कुणाची परवानगी लागत नाही आणि खेळाची मराठी त्यानेच घडते. जुने लेख संकेतस्थळांवरून नाहीसे होतात, ही भीती खरी आहे. आवडता लेख स्वतःपुरता जपून ठेवावा. गटात कुणी 'पूर्ण लेख आहे का कुणाकडे?' असे विचारले, तर ज्याने वाचला त्याने चार ओळींत सांगावे: लेखकाने काय पाहिले, त्याला काय वाटले, आपल्याला ते का पटले नाही.

हीच अपेक्षा वृत्तपत्रांकडूनही आहे आणि ती मी तितक्याच आग्रहाने मांडतो. प्रतिस्पर्ध्याच्या वार्ताहराने रात्र जागून मिळवलेली बातमी दुसऱ्या दिवशी नाव न घेता आपल्या शब्दांत लिहून काढणारी संकेतस्थळे थोडी नाहीत. चाहत्यांनी मेहनतीने केलेले काम तर बिनदिक्कत उचलले जाते. एखाद्या गावातला माणूस वर्षानुवर्षे स्थानिक स्पर्धांच्या गुणपत्रिका जमवतो, कोणत्या चढाईपटूने कोणत्या मोसमात किती गुण घेतले याचे तक्ते करतो आणि ते सगळ्यांना खुले ठेवतो. अंतिम सामन्याच्या सकाळी त्यातला तक्ता क्रीडा पानावर येतो आणि खाली फक्त 'आकडेवारी' एवढाच मथळा असतो. तक्ता घेण्याआधी त्या माणसाला एक फोन करावा आणि छापताना खाली त्याचे नाव द्यावे.